विश्लेषण : हिवताप नाही, मग ताप कशाचा? ‘स्क्रब टायफस’च्या जिवाणूविषयी संशोधन काय सांगते?

पावसाळा सुरू झाला की गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात तापाचे रुग्ण वाढू लागतात. राज्यातील हिवतापाचा मोठा भार या जिल्ह्यावर असल्याने पहिली तपासणी हिवतापाचीच होते आणि ते योग्यही आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन झाल्या, तरी पाचव्या-सहाव्या दिवशीही ताप उतरत नसेल, तर तो कशाचा? जंगल आणि शेतीच्या सीमेवर राहणाऱ्यांमध्ये अशा तापामागे असू शकणारा एक आजार म्हणजे ‘स्क्रब टायफस’. त्यावरील औषध स्वस्त आहे, जुने आहे आणि गुणकारीही आहे. मात्र ते वेळेत सुरू झाले नाही तर रुग्ण दगावू शकतो. या आजाराच्या जिवाणूविषयी गेल्या काही वर्षांत झालेले संशोधन म्हणूनच दुर्गम भागासाठी महत्त्वाचे ठरते.

स्क्रब टायफस म्हणजे नेमके काय?

‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ नावाच्या जिवाणूमुळे हा आजार होतो. हा जिवाणू ‘चिगर’ म्हणजे एका सूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात शिरतो. ही अळी एका मिलिमीटरच्या पाव भागाएवढी, नारिंगी-लालसर रंगाची असते आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. या किड्याच्या आयुष्यात फक्त अळीच्या अवस्थेतच प्राण्याच्या अंगाला चिकटून अन्न घेतले जाते. एरवी तिचे यजमान असतात उंदीर आणि घुशी. माणूस तिच्या वाटेत चुकून येतो.

‘स्क्रब’ म्हणजे झुडपी. पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’ हा शब्द महसूल दप्तरातही रूढ आहे. त्यामुळे हा आजार कोठे आढळू शकतो, हे इथल्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बांधावरचे गवत, पडीक जमीन, घरामागची झुडपे, जंगलातली पायवाट ही सारी या अळीची जागा. पावसाळ्यात व त्यानंतर, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात रुग्ण अधिक आढळतात. संसर्गित मादीकडून हा जिवाणू अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो. म्हणजे हा किडा केवळ वाहक नाही, तर जिवाणूचे कायमचे घर आहे. त्यामुळे एखाद्या परिसरात तो रुजला, की वर्षानुवर्षे तेथे टिकून राहतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला मात्र होत नाही.

नावातील साम्यामुळे अनेकदा घोटाळा होतो. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, त्याचा जिवाणू वेगळा आणि उपचारही वेगळे.

लाइम आजाराशी याचा काय संबंध?

किड्यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या जिवाणूजन्य आजारांपैकी जगात सर्वाधिक चर्चा होते ती लाइम आजाराची. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावात १९७५ च्या सुमारास लहान मुलांमध्ये सांधेसुजीचे अनेक रुग्ण एकाच भागात आढळले. मुलांच्या आयांनी पाठपुरावा केला, म्हणून डॉक्टरांनी त्याचा तपास सुरू केला. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू सापडला. १९८४ मध्ये त्याला ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ असे नाव देण्यात आले. १९९७ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी उलगडली गेली. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार जणांवर या आजाराचे उपचार होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

दोन्ही आजारांत साम्य बरेच आहे. चावणारा जीव अगदी लहान, चावा बहुधा न दुखणारा, धोका जंगलाच्या कडेला, त्वचेवर उमटणारी एक खूण आणि उपचारासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. फरकही महत्त्वाचा आहे. लाइमचा जिवाणू प्रामुख्याने पेशींच्या बाहेर, ऊतींमध्ये हिंडतो आणि आजार आठवडे-महिने रेंगाळतो. स्क्रब टायफसचा जिवाणू पेशींच्या आत वाढतो आणि काही दिवसांतच प्रकृती गंभीर करू शकतो. लाइमच्या खुणेत लाल वर्तुळ पसरत जाते, तर स्क्रब टायफसमध्ये काळी खपली धरते.

भारतात लाइमच्या नोंदी तुरळक आहेत. कर्नाटकातील बंदीपूर-नागरहोळे परिसरात जंगलाच्या सान्निध्यात राहणाऱ्यांच्या रक्तात या जिवाणूविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. मात्र प्रतिपिंडे आढळणे म्हणजे आजार असणे नव्हे. विदर्भातील जंगलपट्ट्यासाठी आज अधिक निकडीचा प्रश्न स्क्रब टायफसचाच आहे.

हा जिवाणू शरीरात काय करतो?

ओरिएन्शिया स्वतंत्रपणे जगू शकत नाही. प्रयोगशाळेत साध्या पोषक माध्यमावर तो वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. शिवाय तो हाताळण्यासाठी उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळा लागतात. त्यावरील संशोधन लाइमच्या तुलनेत मागे राहण्याचे हे एक मोठे कारण.

माणसाच्या शरीरात शिरल्यावर तो रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशींमध्ये घुसतो. प्रत्येक पेशीच्या आत सामानाची ने-आण करण्यासाठी सूक्ष्मनलिकांचे जाळे असते. या जाळ्यावरून माल ओढून नेणाऱ्या ‘डायनिन’ या प्रथिनाला धरून हा जिवाणू पेशीच्या केंद्रकापाशी पोहोचतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. म्हणजे गाडीही पेशीची आणि रस्ताही पेशीचाच. तेथे तो विभागून वाढतो आणि नंतर पेशीच्याच आवरणाचा एक तुकडा अंगाभोवती गुंडाळून बाहेर पडतो. पेशीच्या आतील आणि बाहेरील अशी या जिवाणूची दोन वेगळी रूपे असतात, दोन्ही रूपे नव्या पेशींना संसर्ग करू शकतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा झाल्याने त्या झिरपू लागतात. म्हणूनच हा आजार एकाच अवयवापुरता राहत नाही. फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, मेंदू यांपैकी कोणताही अवयव त्याच्या तावडीत सापडू शकतो. ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला, मळमळ यांपासून सुरू झालेला आजार दुसऱ्या आठवड्यात श्वास लागणे, लघवी कमी होणे, कावीळ, झापड किंवा झटके इथवर जाऊ शकतो.

या आजाराचा शोध कसा लागला?

चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे होंग यांच्या लेखनात या आजाराशी जुळणारे वर्णन सापडते. जपानमध्ये निगाता परगण्यात नद्यांच्या पूरपट्ट्यात शेती करणाऱ्यांना होणारा हा ताप शतकानुशतके परिचयाचा होता. ‘त्सुत्सुगामुशी’ हे जपानी नाव त्या आजार आणणाऱ्या किड्याचेच.

दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवर हजारो सैनिक या तापाने आजारी पडले. तेव्हा त्यावर नेमके औषध नव्हते. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरला जाणारा या जिवाणूचा ‘गिलियम’ हा वाण १९४३ मध्ये याच सीमाभागातील रुग्णाकडून मिळवलेला आहे. १९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक या आजारावर गुणकारी ठरले. नंतर टेट्रासायक्लिन गटातील औषधे आली. आधी ‘रिकेट्सिया’ या गटात गणला जाणारा हा जिवाणू त्याच्या वेगळ्या रचनेमुळे १९९५ मध्ये ‘ओरिएन्शिया’ या स्वतंत्र गटात ठेवण्यात आला.

विदर्भात चिंता का आहे?

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भाच्या काही जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि मृत्यूही झाले. तोवर बहुतेकांनी या आजाराचे नावही ऐकले नव्हते. त्यानंतर पावसाळ्याच्या अखेरीस विदर्भातील रुग्णालयांत या आजाराची नोंद होत आली आहे.

देशपातळीवरील चित्रही असेच आहे. भारतातील अभ्यासांचा २०२१ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. कारण स्पष्ट नसलेल्या तीव्र तापाने रुग्णालयात आलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना स्क्रब टायफस असल्याचे त्यात दिसले. त्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे सहा टक्के होते. अनेक अवयव निकामी झालेल्यांमध्ये ते ३८ टक्क्यांच्या पुढे गेले. हे आकडे रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचे आहेत, ही बाबही लक्षात घ्यायला हवी.

उत्तर प्रदेशातील गोरखपूरचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे दर पावसाळ्यात मेंदूज्वराने शेकडो मुले दगावत. प्रारंभी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर बोट ठेवले गेले. लसीकरण झाले, तरी मृत्यू थांबेनात. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे डॉ. मनोज मुऱ्हेकर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या तपासात यातील निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्क्रब टायफसचा संसर्ग आढळला. मुलाला झटके येण्याआधी काही दिवस साधा ताप असतो आणि त्याच टप्प्यावर साधे प्रतिजैविक दिले तर मेंदूपर्यंतची मजल टळू शकते, हा त्यातून निघालेला धडा. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तापाचे उपचार मग त्यानुसार बदलण्यात आले.

धानोऱ्यासारख्या तालुक्यात धानाची बांधी, गुरे चारण्याची पडीक जमीन आणि जंगल एकमेकांना लागून आहेत. रोवणीपासून कापणीपर्यंत माणसे याच पट्ट्यात असतात. धानाच्या कोठारांभोवती उंदीर असतात. किडा, उंदीर, झुडपे आणि माणूस या साखळीतील प्रत्येक कडी येथे आहे.

निदान हुकते कुठे?

पहिली अडचण म्हणजे सुरुवातीची लक्षणे हिवताप, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टोस्पायरोसिस या सगळ्यांसारखीच असतात. दुसरी अडचण चाचणीची. जुनी ‘वेल-फेलिक्स’ चाचणी स्वस्त आहे, पण ती अनेक रुग्ण सोडून देते. ‘आयजीएम एलायझा’ अधिक भरवशाची. मात्र शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे तापाच्या पहिल्या दिवसांत तीही निगेटिव्ह येऊ शकते. ‘पीसीआर’ लवकर उत्तर देते, पण ती मोठ्या प्रयोगशाळांतच होते. गावातून नमुना जाऊन अहवाल परत येईपर्यंत आजार दुसऱ्या आठवड्यात शिरलेला असतो.

अशा वेळी सर्वांत स्वस्त तपासणी डोळ्यांची आहे. अळी चावली त्या जागी काही रुग्णांमध्ये छोटी, न दुखणारी, काळी खपली धरते. सिगारेटचा चटका बसावा तशी ती दिसते. काख, जांघ, कंबरपट्टा, स्तनांखालची घडी, कानामागची जागा अशा झाकलेल्या ठिकाणी ती असते. रुग्णाला ती दुखत नाही म्हणून तो सांगत नाही आणि कपडे काढून तपासले नाही तर डॉक्टरांना दिसत नाही. खपली आढळली तर निदान जवळपास पक्के होते. न आढळली म्हणून आजार नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण अनेक रुग्णांमध्ये ती उमटतच नाही.

कोणते औषध चालते, कोणते चालत नाही?

सर्वाधिक नुकसान येथे होते. तापासाठी सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन ही औषधे जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर हल्ला करतात. ओरिएन्शियाची भित्तिका अगदी तुटपुंजी आणि तो लपलेला पेशीच्या आत. त्यामुळे ही औषधे त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. लाइमच्या जिवाणूवर मात्र यांतील काही औषधे काम करतात. टायफॉइड समजून सेफ्ट्रिॲक्झोनची सलाईन पाच दिवस चालली, तर स्क्रब टायफसच्या रुग्णाचे ते पाच दिवस वाया जातात.

डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही दोन औषधे पेशीच्या आत पोहोचून जिवाणूची प्रथिननिर्मिती रोखतात. गर्भवतींसाठी अझिथ्रोमायसिन वापरले जाते. वेळेत औषध मिळाले तर बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरू लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून शंका आल्यास प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.

गंभीर रुग्णांसाठी कोणते औषध चांगले, याचे उत्तर भारतातूनच आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जॉर्ज वर्गीस यांच्या नेतृत्वाखाली सात रुग्णालयांतील सुमारे ८०० रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू, लांबलेली गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण केवळ डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत ४७ टक्के, केवळ अझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांत ४८ टक्के, तर दोन्ही औषधे शिरेतून एकत्र घेणाऱ्यांत ३३ टक्के होते. मात्र मृत्यूंचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. आजार गंभीर झाल्यावर औषधांची जोडी गुंतागुंत कमी करते, पण उशिराची पूर्ण भरपाई करत नाही, असा याचा अर्थ.

गोचिडीचा ताप वेगळा असतो का?

हो. गोचीड चावल्याने होणारा ‘इंडियन टिक टायफस’ हा याच कुळातील आजार रिकेट्सिया गटातील जिवाणूमुळे होतो. यात अंगावर, विशेषतः तळहात आणि तळपायांवर पुरळ उठते. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेची सोय नसलेल्या ठिकाणी लक्षणे आणि साध्या तपासण्यांना गुण देऊन निदान करण्याची पद्धत २०११ मध्ये मांडली. महागडी चाचणी नसली तरी पद्धतशीर शंकेतून निदान करता येते, हे विदर्भातील डॉक्टरांनीच दाखवून दिले आहे. या आजारावरही डॉक्सिसायक्लिनच चालते. सिंधुदुर्गात आढळणारा माकडताप गोचिडीमुळे होत असला, तरी तो विषाणूजन्य असल्याने त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत.

लस का नाही?

ओरिएन्शियाच्या पृष्ठभागावरील मुख्य प्रथिन वाणागणिक बदलते. एका वाणाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापुढे तोकडी पडते आणि ती फार काळ टिकतही नाही. त्यामुळे एकदा होऊन गेलेला आजार पुन्हा होऊ शकतो. लसीचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धापासून सुरू आहेत, पण वापरात येईल अशी लस अद्याप नाही. लाइमवर १९९८ मध्ये लस आली होती, ती २००२ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आली. त्यामुळे प्रतिबंधाचा भार सध्या सवयींवरच आहे. शेतात-जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर थेट बसू वा झोपू नये, काढलेले कपडे झुडपांवर टाकू नयेत, घरी आल्यावर अंग घासून आंघोळ करावी आणि कपडे धुवावेत. घराभोवतीची झुडपे व उंदीर कमी करावेत.

धानोऱ्यात काय करता येईल?

धानोरा तालुक्यातच चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. मुलांमधील न्यूमोनिया गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते ओळखू शकतात, त्यावर प्रतिजैविक देऊ शकतात आणि त्यामुळे बालमृत्यू घटतात, हे या संस्थेच्या अभ्यासाने १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. मोजक्या खुणा शिकवल्या आणि औषध जवळ ठेवले, तर रुग्णालयापासून दूर असलेल्या गावातही जीव वाचतो, हे सूत्र याच मातीत सिद्ध झाले आहे.

स्क्रब टायफसबाबतही ते लागू पडते. आशा स्वयंसेविका हिवतापाची चाचणी करतातच. ती निगेटिव्ह आली आणि ताप पाच दिवसांहून अधिक राहिला, तर खपली शोधणे, शेत-जंगलातील वावराची विचारपूस करणे आणि रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवणे ही तीन कामे त्यात जोडता येतील. केंद्रात डॉक्सिसायक्लिन व अझिथ्रोमायसिनचा साठा पावसाळ्याआधीच पुरेसा हवा. प्रत्येक तापाला ही औषधे वाटत सुटणे चुकीचे ठरेल आणि रुग्णाने ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मात्र श्वास लागणे, लघवी घटणे, कावीळ, झापड यांपैकी काहीही दिसले, तर ग्रामीण रुग्णालय गाठण्यात एक दिवसही दवडू नये. हिवतापाची चाचणी निगेटिव्ह येणे म्हणजे तपासणी संपली असे नाही. जंगलपट्ट्यातील तापाच्या रुग्णासाठी ती तेथून पुढे सुरू व्हायला हवी.